राष्ट्रवादा, ते ‘नंतर’ कधी येणार?

राष्ट्रवादास,


तुला अरे-तुरे करतो आहे, राग मानू नकोस. लहानपणापासून घरात वावरणाऱ्याला अहो-जाहो करायला जीभ वळत नाही. शाळेच्या झेंडावंदनाला आपली ओळख झाली. हल्ली तू रोज रात्री टीव्हीवर ओरडताना दिसतोस. तो तू नव्हेसच, कुणी तोतया आहे, असं तुझे जुने स्नेही म्हणतात. मला ती पळवाट वाटते. तोही तूच आहेस.

पण आधी तुझं देणं मान्य करतो. १९३० सालचं सोलापूर आठव. गांधीजींना अटक झाली आणि गिरण्यांचं ते गाव पेटलं. ८ मे रोजी गोळीबार झाला, जमाव चौक्यांवर चालून गेला, आणि पुढचे काही दिवस इंग्रजांची सत्ता तिथे नावालाही उरली नाही. मग मार्शल लॉ आला. डोक्यावर गांधी टोपी दिसली तरी माणूस संकटात सापडायचा. पोलिसांच्या हत्येच्या आरोपावरून १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात चौघांना फाशी दिलं: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे. ही नावं एकापाठोपाठ मोठ्यानं वाचून बघ. चार घरं, चार पंगती, चार तऱ्हेचे देव्हारे. त्यातल्या एका घरात तर देव्हाराच नाही. या चौघांना एका बाजूला उभं करण्याची ताकद त्या काळी ना जातीत होती, ना धर्मात. ती तुझ्यात होती.

पैसा फंडाचंही तसंच. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागितला आणि त्या पैशांतून तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. हिशेबी माणसानं याला वेडेपणाच म्हटलं असतं. पण आपल्या एका पैशानं देशाचं काही होतं असं साध्या माणसाला वाटलं, ते तुझ्यामुळे. आजही मुंबईत भरलेल्या कराच्या पैशातून बिहारमधली शाळा चालते आणि त्यावर कुणी दंगा करत नाही. १९९३ साली भूकंपात किल्लारीत घरं कोसळली, तेव्हा ज्यांनी लातूर नकाशातसुद्धा पाहिलं नव्हतं अशांनी मदत धाडली. कधी न भेटलेल्या माणसाला आपलं मानायला तू शिकवतोस. एवढ्या मोठ्या प्रमाणावर हे दुसऱ्या कुणाला जमल्याचं मला ठाऊक नाही.

आता तुझी खोड. ‘आधी हे, ते नंतर’ असं म्हणायची तुला सवय आहे. १८९५ साली पुण्यात काँग्रेसचं अधिवेशन भरलं. अधिवेशन आटोपलं की त्याच मंडपात न्यायमूर्ती रानड्यांची सामाजिक परिषद व्हायची, असा शिरस्ता होता. त्या वर्षी टिळकपक्षानं विरोध केला. मंडप जाळण्याच्या धमक्यांपर्यंत गोष्ट गेली. शेवटी रानड्यांनी माघार घेऊन परिषद वेगळ्या जागी भरवली. विधवांचे प्रश्न, बालविवाह, शिवाशीव यांना तुझ्या मंडपात जागा मिळाली नाही. आधी स्वराज्य, घरातलं भांडण नंतर! टिळकांच्या बाजूनेही बोलता येतं, हे मला कळतं: परक्या सरकारसमोर फूट दिसू नये, ही चिंता खोटी नव्हती. फक्त ज्यांच्या वाट्याला ते ‘नंतर’ आलं, त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

विचारलं असतं तर जोतीराव फुल्यांनी उत्तर देऊनच ठेवलं होतं. शूद्र, अतिशूद्र, भिल्ल, कोळी हे सगळे एकजीव झाल्याशिवाय राष्ट्र कसलं, असा त्यांचा सवाल होता. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत तोच धागा पुढे नेला. हजारो जातींत वाटलेली माणसं राष्ट्र कशी होणार, असं विचारून त्यांनी जातींनाच राष्ट्रविरोधी ठरवलं. तुझ्या टीव्हीवर रोज रात्री कुणाला तरी देशद्रोही ठरवलं जातं. विद्यार्थी, लेखक, नट, शेतकरी, सगळ्यांची पाळी येऊन गेली. जातीवर मात्र तुझं बोट कधी रोखलेलं मी पाहिलं नाही.

आणि ज्यांचं गीत आपण तुझ्या नावानं गातो, ते रवींद्रनाथ १९१६ साली थेट जपानात जाऊन तुझ्याविरुद्ध बोलले होते. जपान तेव्हा तुझ्या धुंदीत होता, त्याला ते रुचलं नाही. पुढे शंभर वर्षांनी, २०१६ मध्ये, गोव्यातल्या एका चित्रपटगृहात त्याच गीताच्या वेळी एक माणूस उठला नाही म्हणून त्याला मारहाण झाली. तो चाकाच्या खुर्चीवाचून हिंडू न शकणारा होता. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानं चित्रपटगृहांत राष्ट्रगीत सक्तीचं केलं आणि २०१८ च्या जानेवारीत ती सक्ती उठवली. मारणाऱ्यांना सक्तीच्या आदेशाची वाट पाहावी लागली नव्हती, हे तेवढं लक्षात ठेव. तू स्वतःकडून काही मागतोस तेव्हा पैसा फंड उभा राहतो; शेजाऱ्याकडून पुरावा मागायला लागलास की असं होतं.

तू निघून जावंस, असं मी म्हणणार नाही. तुझी जागा रिकामी झाली तर तिथे जात आणि टोळी येऊन बसेल, ही भीती मला खरीच आहे. पण गटारात माणूस उतरवायला २०१३ च्या कायद्यानं आडकाठी घातली, तरी माणसं उतरतात आणि गुदमरून मरतात. सीमेवरचा जवान गेला की तू सगळं गाव बंद करतोस. गटारातल्याच्या घरी तू कधी जाणार, ते कळव. उत्तर सवडीनं दे, पण त्यात ‘नंतर’ लिहिलंस तर मी पत्र परत पाठवीन.

तुझा,
एक नागरिक