सेल्फ मारल्यावरचा अर्धा क्षण

मीटरचा आकडा मला आता वेळेवर वाचता येत नाही. स्थिर आकडा चष्मा लावून वाचतो, पण मला हवा असलेला आकडा स्थिर राहतच नाही. सेल्फचं बटण दाबलं की बॅटरी कुठवर खाली जाते, तेवढंच पाहायचं असतं. धडधाकट बॅटरी साडेदहा-अकरा व्होल्टपर्यंत येऊन सावरते. नऊच्या आसपास गेली तर बाकी सगळी तपासणी तिथेच थांबवावी. भाचा वसमतला माझ्याकडे काम शिकायला आला, तेव्हापासून तो आकडा तो वाचतो आणि मी ऐकतो.

एप्रिल २०२० पासून दुचाकींना प्रदूषणाचा बीएस-६ नियम आला, बहुतेक गाड्यांतला कार्बोरेटर गेला आणि इंजिनच्या दिव्याची भाषा आम्हाला शिकावी लागली. पुष्कळ गाड्यांत एक लांब आणि दोन छोट्या मिचकावण्या म्हणजे बारा नंबर, इंजेक्टर. सलग आठ छोट्या म्हणजे थ्रॉटलचा सेन्सर. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांना ओबीडी-२ आहे, स्कॅनर लावला की पूर्ण कोड समोर येतो. पी०५६२ आला तर मला बरं वाटतं. वीज कमी पडते, हे ईसीयू, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर, स्वतःच सांगतो. माझं डोकं खातो तो दुसराच प्रकार. सेल्फ मारताना व्होल्टेज कोसळतं, त्याच वेळी एखाद्या सेन्सरचं माप ईसीयूला अशक्य वाटतं आणि तो त्या सेन्सरच्या नावावर कोड लिहून ठेवतो. सेन्सर ठणठणीत असतो. कुठल्या वायरवरच्या मापावर विश्वास बसला नाही एवढंच कोड सांगतो. का बसला नाही, ते आपण शोधायचं.

आमच्या भागात ते बहुतेकदा बॅटरीशीच येऊन थांबतं. शेतीपंपाची वीज रात्रपाळीला आली की माणूस गाडी काढतो, मोटार चालू करून येतो, फेज गेला म्हणून पुन्हा जातो. दर खेपेला सेल्फ. त्यात २०१७ पासून नव्या गाड्यांचा हेडलाइट इंजिनाबरोबर जळतच राहतो. चिखलाच्या वाटेवर कमी आरपीएमला कॉइलकडून जेमतेम दिव्यापुरतं मिळतं, सेल्फने घेतलेलं भरून निघत नाही. कळमनुरीहून रोज हिंगोलीला जाणाऱ्याच्या गाडीत तशीच छोटी बॅटरी असते, पण ती टिकते, कारण तिला चांगला सलग रस्ता मिळतो. शेतातली गाडी हळद शिजवायच्या दिवसांत उन्हात उभी राहते आणि उष्णतेने बॅटरी आपोआप उतरत जाते. अशी अर्धपोटी बॅटरी आठवडे राहिली की प्लेटांवर सल्फेट धरतं. मग चार्जरवरून काढल्यावर ती बारा पॉइंट सात दाखवते आणि सेल्फ मारताच बसते.

म्हणून उभ्या गाडीच्या आकड्यावर माझा विश्वास नाही. पूर्वी मी मीटरही लावत नसे. टेललॅम्पच्या बल्बची तार सेल्फ मारताना किती लाल पडते, ते बघायचो आणि बॅटरीचं बोलून मोकळा व्हायचो. एलईडी आली आणि ती खूण बुजली. व्होल्टेज बरंच खाली गेलं तरी ती तशीच जळत राहते. या एका गोष्टीसाठी मला एलईडी कधीच आवडली नाही.

जुन्या सीडीआयच्या कितीतरी गाड्या बॅटरी काढून ठेवली तरी किकवर चालायच्या. त्यामुळे बॅटरी म्हणजे हॉर्न आणि इंडिकेटर, असं लोकांच्या मनात बसलंय. आता पेट्रोलचा पंप, इंजेक्टर, ईसीयू सगळे तिच्यावर जगतात. तरी गिऱ्हाईक सेन्सरचे पैसे मुकाट्याने देतं आणि बॅटरीचं नाव काढलं की घासाघीस करतं. त्याचा फायदा घेणारे आहेत. स्कॅनर लावायचा, कोड पुसायचा, पैसे घ्यायचे. कोड पुसणं म्हणजे दुरुस्ती नव्हे, दिवा चार दिवसांनी परत लागतो. काही जण तीन-चार अँपिअर-अवरची बॅटरी ट्रॅक्टरच्या चार्जरला लावून तासाभरात ‘फुल्ल’ करून देतात. तिला क्षमतेच्या दहाव्या हिश्शाने, रात्रभर हळूहळू भरायला हवं. ती गरम झालेली हाताला लागली की माझा संताप होतो. दसऱ्याला प्रेशरच्या पाण्याने धुतलेल्या गाड्या येतात, त्यांचं दुखणं निराळं. तिथे कपलर उघडले की पिनांवर हिरवी पूड सापडते.

भाच्याचं म्हणणं, “मामा, मिन-मॅक्सवाला मीटर घ्या, सगळ्यात खालचा आकडा तो धरून ठेवतो.” घेतला. पण स्वस्तातला मीटर सेकंदाला दोन-तीनदाच माप घेतो, खरा तळ दोन मापांच्या मधे निसटतो. आता तो ऑसिलोस्कोप मागतोय. त्यावर सेल्फची सगळी रेघ दिसेल, प्रत्येक कॉम्प्रेशनला बसणारा हिसका वेगळा दिसेल. त्याचं बरोबर आहे, हे मला कळतं.

तरीही किल्ली फिरवल्यावर पंप दोन-तीन सेकंद घुमतो, तो सूर मला अजून ऐकू येतो. बॅटरी थकलेली असली की सूर खाली असतो. मग मी मुद्दाम मोठ्याने, गिऱ्हाइकाला ऐकू जाईल असा आकडा बोलतो आणि भाचा मीटर वाचेपर्यंत थांबतो. मिस्त्रीने नुसतं ऐकून ओळखलं, हे कुणी चहाच्या टपरीवर सांगितलेलं माझ्या कानावर आलं की तो दिवस मला चांगला जातो. हा गर्व आहे आणि तो मला सोडवत नाही. हळदीचा पैसा गावात फिरू लागला की ऑसिलोस्कोप घेऊ, असं त्याला सांगितलंय. अट एकच घातली आहे, बटण दाबायच्या आधी आकडा मी सांगणार.