धरलं तर चावतं

लोहखनिजाच्या खाणी बंद होत्या तेव्हा ‘धूळ तरी गेली’ असं गोव्यातल्या डिचोलीत म्हणायची सोय नव्हती. शेजारचा टिपरवाला लगेच म्हणायचा, “धुळीबरोबर बँकेचा हप्ता पण गेला असता तर बरं झालं असतं.”

अशा पेचाला आजी म्हणायची, धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. कर्जाला म्हणायची, जावयालाही म्हणायची. पण ते जनावर कुठलं? साप पळाला तर सुटलो म्हणायचं. मांजर पळालं तरी संध्याकाळी दुधाला हजर. उंदीर हौसेनं धरतो कोण? चावरं असून हवंहवंसं असं एकच: कुर्ली, म्हणजे खेकडा. पहिल्या पावसात आम्ही रात्री बत्ती घेऊन शेतात कुर्ल्यांना जायचो. मागून कवचावर अंगठा दाबला की नांगी पोचत नाही. म्हणजे धरायची रीत आहे. मग आजीची म्हण फक्त आडदांडांसाठी होती का? पुढे खाणीचा गाळ शेतात उतरला आणि कुर्ल्याच दिसेनाशा झाल्या, त्यामुळे हा प्रश्नही तसाच राहिला.

बीजिंग ऑलिंपिकच्या सुमारास चीनला आमचं लोहखनिज हवं होतं. शेत पडीक टाकून लोकांनी कर्जानं टिपर घेतले. विहिरी आटल्या, टँकर आले. पोरं खोकायची, पण डॉक्टरची फी खिशात असायची. २०१२ मध्ये बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल आला, खाणी थांबल्या. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून बंदी उठवली. २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं आणि १६ मार्चपासून पुन्हा सगळं ठप्प.

खोकला कमी झाला, हे खरंच. पण शेजारी रोज पहाटे टिपर चालू करून पाच मिनिटांनी बंद करायचा, बॅटरी उतरू नये म्हणून. वहिनी बीपीची गोळी सुरीनं अर्धी करायच्या, पाकीट महिनाभर जास्त चालावं म्हणून. आता कुठला आजार मोठा म्हणायचा? खाण नको म्हणणाऱ्यांत मीही होतो. अजूनही आहे बहुतेक. पण त्या अर्ध्या गोळीपुढे माझा आवाज पूर्वीसारखा चढत नाही.

डिसेंबर २०२२ मध्ये खाणपट्ट्यांचा लिलाव झाला, २०२४ मध्ये डिचोलीत पुन्हा खोदाई सुरू झाली. धूळ मोजायला यंत्र बसवतात. खाण बंद असताना किती घरांत गोळ्या अर्ध्या झाल्या, तेही कुणीतरी दारोदार जाऊन लिहून घ्यावं.