हात लावता येईल असं साहित्य

शैक्षणिक साहित्याला आज तोटा नाही. बालभारतीची पाठ्यपुस्तकं पीडीएफ रूपात फुकट उतरवून घेता येतात. पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की दीक्षा ॲपवर त्या पाठाचा व्हिडिओ उघडतो. १९७१ साली सुरू झालेल्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक घरबसल्या वाचता येतात, अरविंद गुप्तांनी जमवलेली विज्ञानाची खेळणी आणि पुस्तकं सर्वांसाठी खुली आहेत. शिवाय आपल्या शाळांच्या केंद्राच्या व्हॉट्सॲप गटावर स्वाध्यायपत्रिका, चाचण्या आणि नवनव्या ॲपच्या याद्या रोज येऊन पडतात. इतकं असूनही त्यातलं फार थोडं वर्गात पोचतं आणि पोचलेलं दुसऱ्या वर्षी क्वचितच टिकतं. शिक्षकांना तंत्रज्ञानाची भीती वाटते किंवा त्यांना नवं शिकायचंच नसतं, असं यावर सांगितलं जातं. मला हे निदान पटत नाही. हेच शिक्षक फोनवरून बँकेचे व्यवहार करतात आणि शासनाची ऑनलाइन माहिती रात्री उशिरापर्यंत भरतात. माझ्या मते प्रश्न साहित्याच्या घडणीचा आहे. जे साहित्य शिक्षकाला उघडता येतं, कापता येतं, वाढवता येतं, आपल्या वर्गाच्या मापाचं करता येतं, तेच टिकतं. बाकीचं कितीही देखणं असलं तरी एकदा दाखवून संपतं.

फळा इतकी वर्षं वर्गात का टिकून आहे याचा विचार केला, तर हे लक्षात येतं. फळ्यावरचं वाक्य अर्ध्यात थांबवता येतं, पुसता येतं, एखाद्या मुलीच्या चुकलेल्या उत्तराशेजारी त्याच क्षणी दुसरं उदाहरण मांडता येतं. अमेरिकेतले शिक्षण-इतिहासकार लॅरी क्युबन यांनी १९८६ साली आलेल्या ‘टीचर्स अँड मशिन्स’ या पुस्तकात चित्रपट, रेडिओ आणि दूरचित्रवाणी यांची शाळेतली वाटचाल तपासली. प्रत्येक साधन येताना शिक्षण पालटून जाईल अशी भाकितं झाली आणि प्रत्यक्षात वापर तुरळकच राहिला. भरलेला वर्ग आणि ठरलेला तास सांभाळणाऱ्या शिक्षकाला खडू-फळा आणि पुस्तक जितकं वळवता येतं, तितकी ही यंत्रं वळवता येत नव्हती, हे त्यांनी दाखवून दिलं. आपल्याकडे १९८४ साली पुण्यात बालचित्रवाणी सुरू झाली. तिचे कार्यक्रम मराठीत होते आणि मन लावून केलेले होते. पण प्रक्षेपणाची वेळ दूरदर्शनची. त्या दिवशी वर्ग त्या पाठापर्यंत आलेला असेलच असं नाही आणि मध्येच थांबवून ‘हे पुन्हा पाहू’ म्हणायची सोय नाही. आज व्हिडिओ हवा तेव्हा थांबवता येतो, ही प्रगती खरीच. तरी त्यातलं उदाहरण बदलायचं म्हटलं, तर आपण पुन्हा तिथेच येऊन अडतो.

उदाहरण बदलण्याची एवढी गरज का पडते, हे गणितातल्या एका लहानशा प्रश्नावरून पाहू. दशांश अपूर्णांक शिकवून झाल्यावर तयार चाचणीत हमखास विचारलं जातं, ०.४ आणि ०.३५ यांतली मोठी संख्या कोणती? पुष्कळ मुलं ०.३५ म्हणतात, कारण ३५ हे ४ पेक्षा मोठे. ही चूक शिक्षकाला ओळखीची असते. पण आणखी एक गैरसमज असतो. दशांश हे शतांशापेक्षा मोठे, म्हणून दशांशचिन्हापुढे जितके कमी अंक तितकी संख्या मोठी, असं काही मुलांनी मनाशी पक्कं केलेलं असतं. ही मुलं ०.४ म्हणतात. उत्तर बरोबर, गुण मिळाला, गैरसमज जागच्या जागी! त्यांना पकडायचं तर पुढचा प्रश्न ०.४ आणि ०.६२ असा घ्यावा लागतो. इथे ती चुकतात आणि पहिल्या गैरसमजाची मुलं बरोबर येतात. दोन्ही प्रश्न शेजारी ठेवले तरच वर्गातले तीन गट वेगळे दिसतात. गणितशिक्षणाच्या संशोधनात हे दोन्ही गैरसमज नीट नोंदलेले आहेत. तयार चाचणीत पहिलाच प्रश्न असेल आणि दुसरा घालायला जागा नसेल, तर ती चाचणी कितीही रंगीत पडद्यावर चालवा, शिक्षकाला अर्धंच दिसणार. चाचणीत एक ओळ वाढवायची मुभा असणं म्हणजे काय, ते इथे कळतं.

या कामासाठी लागणारं यंत्र अगदी साधं असू शकतं. प्लिकर्स नावाच्या साधनात मुलांच्या हाती फोन द्यावाच लागत नाही. प्रत्येकाला काळ्या-पांढऱ्या नक्षीचं एक छापील कार्ड मिळतं. कार्डाच्या चार कडांवर ए, बी, सी, डी ही अक्षरं बारीक छापलेली असतात. आपल्याला वाटणारं उत्तर वरच्या बाजूला येईल असं कार्ड धरायचं. शिक्षक वर्गावरून फोनचा कॅमेरा फिरवतो आणि कोणी काय उत्तर दिलं ते पडद्यावर उमटतं. प्रत्येक कार्डाची नक्षी वेगळी असल्याने शेजाऱ्याचं पाहून काही उपयोग होत नाही आणि न बोलणाऱ्या मुलाचंही उत्तर नोंदलं जातं. प्रश्न शिक्षकाने स्वतः लिहायचा असतो. त्यामुळे चुकीचे पर्याय असे रचता येतात की प्रत्येक चूक एकेका गैरसमजाकडे बोट दाखवेल. अर्धा अधिक एक तृतीयांश किती, या प्रश्नाला दोन पंचमांश हा पर्याय ठेवायलाच हवा. ज्याने अंशात अंश आणि छेदात छेद मिळवला, तो नेमका तिथेच येतो. साधन निवडताना मी पाहतो ते एवढंच, की प्रश्न कोणाचा आहे.

लिखित साहित्याच्या बाबतीत हात लावता येण्याची पहिली पायरी म्हणजे युनिकोड. शिकवण्याशी याचा काय संबंध असं वाटेल, पण फार जवळचा आहे. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या मजकुरात संगणक प्रत्यक्षात रोमन अक्षरांचीच जागा साठवतो आणि वर देवनागरीचं रूप चढवतो. तो फॉन्ट दुसऱ्या संगणकावर नसला की प्रश्नपत्रिकेचा निरर्थक चिन्हांचा ढीग होतो. मग कोणीतरी तिचा फोटो काढून पाठवतं आणि त्या फोटोत कोणालाच काही सुधारता येत नाही. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. त्यात लिहिलेला उतारा फोनवर उघडतो, शोधता येतो, लहान मुलांसाठी अक्षर मोठं करता येतं, कमी दिसणाऱ्या मुलासाठी मोठ्याने वाचून घेता येतो. फोनवर बोलून टाइप करण्याची सोय मराठीतही चांगली चालते. छापील पानाचा फोटो काढून त्यातला मजकूर वेगळा काढता येतो आणि मग चुका तपासून घेता येतात. एखाद्या शाळेने वर्षभरात फक्त एवढंच केलं, की सगळ्या प्रश्नपत्रिका आणि स्वाध्याय युनिकोडमध्ये, संपादन करता येईल अशा फाइलमध्ये, इयत्ता आणि घटकाचं नाव देऊन एका ठिकाणी ठेवले, तर पुढच्या वर्षी तिथल्या प्रत्येक शिक्षकाचं काम हलकं होईल.

गणित-विज्ञानासाठीही हीच कसोटी लावावी. जिओजेब्रा हे साधन मार्कुस होहेनवार्टर यांनी ऑस्ट्रियातल्या साल्झबर्ग विद्यापीठात २००१ मध्ये घडवायला सुरुवात केली. त्यात त्रिकोणाचा शिरोबिंदू बोटाने ओढला की तिन्ही कोन बदलतात, बेरीज मात्र १८० अंशच राहते. आधी मुलांना अंदाज करायला लावायचा, मग शिरोबिंदू ओढायचा, मग ‘असं का?’ विचारायचं, हा क्रम शिक्षकाच्या हाती राहतो. नोबेल पारितोषिक मिळवणारे पदार्थविज्ञानाचे अभ्यासक कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेल्या फेट प्रकल्पातली अनेक सिम्युलेशनं मराठीतही आहेत आणि ती उतरवून घेतली की इंटरनेटशिवाय चालतात. विद्युत परिपथाच्या सिम्युलेशनमध्ये दुसरा दिवा जोडल्यावर पहिला मंद का झाला, हा प्रश्न मुलं स्वतः उभा करतात. व्हिडिओलाही हात लावता येतो. वीस मिनिटांच्या फितीतला बीज अंकुरण्याचा मिनिटभराचा तुकडाच घ्यावा, आवाज बंद करावा आणि काय चाललं आहे ते मुलांकडून बोलून घ्यावं. गावात नेटवर्क जातं-येतं, म्हणून दुव्यावर विसंबू नये. फाइल पेन ड्राइव्हवर असावी.

भाषेच्या प्रश्नात तर बदलण्याची मुभा हाच कळीचा मुद्दा आहे. रणजितसिंह डिसले यांना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला तेव्हा क्यूआर कोडची चर्चा सर्वांत जास्त झाली. पण सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत त्यांनी आधी केलं होतं ते म्हणजे मुलांच्या घरच्या भाषेत, कन्नडमध्ये, पाठ्यपुस्तकातलं साहित्य आणणं. कोड हे त्यापर्यंत पोचायचं दार होतं. साधन सगळीकडे पसरलं. ते आपल्या वर्गासाठी घडवायची वृत्ती मात्र तितकी पसरली नाही. ती पसरायची तर परवानाही मोकळा हवा. प्रथम बुक्सने २०१५ मध्ये सुरू केलेल्या स्टोरीवीव्हरवरच्या गोष्टी क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली आहेत. शिक्षिकेला ती गोष्ट कोरकूत किंवा पावरीत आणता येते, वाक्यं छोटी करून पहिलीसाठी सोपी करता येतात, छापून भिंतीवर लावता येते, आणि हे सगळं कोणाची परवानगी मागत न बसता.

यावर पहिला आक्षेप वेळेचा, आणि तो अगदी रास्त आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषाप्रमाणे साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात, म्हणजे दोघांनी पाच इयत्ता सांभाळायच्या. त्यात निवडणुकीची कामं, सर्वेक्षणं, तातडीने मागितलेली माहिती. अशा माणसाला साहित्य घडवत बस म्हणणं अन्यायाचं आहे. पण मी मागतो ते नव्याने घडवणं नाही. तयार गोष्टीत एक प्रश्न वाढवणं, एक उतारा छोटा करणं, आपल्या भागात न दिसणाऱ्या पिकाच्या जागी दिसणारं पीक घालणं, हे दहा मिनिटांचं काम आहे, अट एवढीच की फाइल उघडली पाहिजे. शिवाय एकाने केलेला बदल केंद्रातल्या इतर शाळांना आयता मिळतो. न बदलता येणारं साहित्य वेळ वाचवतं असं फक्त वाटतं. न समजलेला पाठ पुन्हा शिकवण्यात तो वेळ दामदुपटीने जातो.

दुसरा आक्षेप अचूकतेचा. तज्ज्ञांनी तपासलेल्या मजकुराला प्रत्येकाने हात लावला तर चुका शिरतील. शिरतील, हे मान्य. म्हणून मूळ प्रत जपावी, बदललेल्या प्रतीवर बदल नोंदवावा, आणि केंद्राच्या शिक्षण परिषदेत ती सहकाऱ्यांसमोर ठेवावी. तज्ज्ञाला विषय ठाऊक असतो. या वर्गातल्या कोणत्या मुलाने ०.४ हे चुकीच्या कारणाने निवडलं, ते त्याला ठाऊक असू शकत नाही. दोन्ही प्रकारची माहिती एका पानावर यायला हवी.

तिसरा आक्षेप पुराव्यानिशी येतो. दिल्लीत माइंडस्पार्क या संगणकीय कार्यक्रमाची शास्त्रशुद्ध चाचणी झाली. कार्तिक मुरलीधरन, अभिजित सिंग आणि अलेहान्द्रो गानिमियन यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासात सुमारे साडेचार महिन्यांत मुलांचं गणित आणि हिंदी लक्षणीय सुधारलं. तिथे शिक्षकाने फाइल उघडून बदलली नव्हती. मग त्या मुभेचा एवढा आग्रह कशाला? पण तो कार्यक्रम यशस्वी का झाला ते पाहायला हवं. पुष्कळ मुलं आपल्या इयत्तेच्या बरीच मागे होती, आणि ते सॉफ्टवेअर प्रत्येकाची खरी पातळी ओळखून प्रश्न बदलत होतं. जोडीला लहान गटात शिकवणारा माणूसही होता. म्हणजे बदल होताच, तो यंत्र करत होतं. जिथे असं यंत्र नाही, आणि आपल्या बहुतेक वर्गांत ते नाही, तिथे तेच काम शिक्षकाला करावं लागतं.

आता कृत्रिम बुद्धिमत्ता सगळं क्षणात लिहून देते, मग हात लावायचा कशाला, असंही विचारलं जातं. उलट आता तो जास्त लावावा लागेल. चॅटजीपीटीला दशांश अपूर्णांकांची चाचणी मागितली तर सर्वसाधारण प्रश्न येतात. दोन्ही गैरसमज शब्दांत सांगून प्रत्येकाला पकडणारे प्रश्न मागितले, तर उपयोगी कच्चा खर्डा मिळतो. काय मागायचं हे वर्ग पाहिलेल्यालाच कळतं, आणि मिळालेल्या खर्ड्यातली उत्तरं, संज्ञा, मराठी वाक्यरचना तपासावीच लागते. मुलांची नावं, गुण, आजार यांतलं काहीही तिथे टाकू नये. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते, आणि कायदा नसता तरी ही काळजी आपली होती.

म्हणून माझी मागणी दोन ठिकाणी आहे. पाठ्यपुस्तकं आणि स्वाध्याय काढणाऱ्या मंडळांनी पीडीएफच्या सोबत संपादन करता येईल अशी युनिकोड फाइलही मोकळ्या परवान्याखाली द्यावी. खर्च नगण्य आहे, कारण ती फाइल त्यांच्याकडे तयारच असते किंवा करून घेता येते. आणि तंत्रज्ञानाच्या प्रशिक्षणाचा शेवट प्रमाणपत्रावर न होता प्रत्येक शिक्षकाने आपल्या वर्गासाठी बदललेल्या एका फाइलवर व्हावा. लोकवर्गणीतून स्मार्ट टीव्ही किंवा सॉफ्टवेअर घेणाऱ्या शाळेनेही पैसे देण्याआधी विक्रेत्यासमोरच इंटरनेट बंद करावं, एक धडा उघडावा आणि त्यातला एक प्रश्न बदलून दाखवायला सांगावं. ते जमलं नाही तर वर्गणी गावातच राहू द्यावी आणि तिच्यातून गोष्टीची पुस्तकं घ्यावीत.