फ्रेमबाहेर राहिलेलं डॉर्सेट

साताऱ्याहून इंग्लंडला आल्यावर डॉर्सेट काउंटीचे चारही ऋतू कॅमेऱ्यात धरायचे, असं मी ठरवलं. दोन वर्षं जवळजवळ प्रत्येक सुट्टी त्यात घातली. फोटो बरे आले. पण ते काढताना झालेल्या चुका सांगायला हव्यात, कारण त्यातली एक अजून टोचते.

पहिली चूक सूर्याची. डर्डल डोअर ही समुद्रात पाय रोवून उभी असलेली चुनखडीची नैसर्गिक कमान. तिच्यातून उगवता सूर्य दिसतोय, असा एक फोटो माझ्या मनात घर करून बसला होता. जूनमध्ये अपरात्री उठून निघालो आणि अंधारातच पायऱ्या उतरून किनाऱ्यावर ट्रायपॉड लावला. उजाडलं, समुद्र चकाकायला लागला, पण कमान रिकामीच. सूर्य डावीकडे, ईशान्येला, कड्यांच्या आड उगवला होता.

साताऱ्यात वर्षभरात सूर्योदयाची जागा क्षितिजावर सुमारे ५० अंश सरकते. डॉर्सेट विषुववृत्तापासून खूप दूर, तिथे ती जवळजवळ ८० अंश सरकते. सूर्य कमानीत येतो तो हिवाळ्यात, आग्नेयेला उगवू लागला की. मी लहानपणापासूनच्या आकाशाच्या सवयीवर विसंबलो. दुसऱ्याचा फोटो डोळे भरून पाहिला, पण तो कोणत्या महिन्यातला, एवढंही विचारलं नाही.

दुसरी चूक कॉर्फ कॅसलची. शरद ऋतूत रात्र निरभ्र आणि वारा पडलेला असला, की थंड हवा दरीत उतरते, धुकं साचतं आणि टेकडीवरचा भग्न किल्ला त्यातून वर येतो. समोरच्या वेस्ट हिलवर मी कितीतरी पहाटा हात चोळत काढल्या. एकदाचं धुकं जमलं तेव्हा लांब पल्ल्याची लेन्स लावून फक्त किल्ला टिपत राहिलो. पायथ्याचं गाव धुक्यातून हळूहळू उघडं पडत होतं, ते अडथळा वाटून प्रत्येक फ्रेममधून कापलं.

नंतर त्या गावातून निवांत चालत गेलो, तेव्हा कळलं मी काय गमावलं. १६४६ मध्ये, इंग्लंडच्या यादवी युद्धात, पार्लमेंटच्या बाजूने हा किल्ला जिंकून पाडला. त्याचे दगड गावकऱ्यांनी घरं बांधायला नेले. म्हणजे किल्ल्याचा काही भाग त्या घरांच्या भिंतींत आहे, आणि तोच मी फोटोबाहेर ठेवला होता.

या दोन्ही चुकांत नुकसान माझं एकट्याचं झालं. तिसरीत तसं नव्हतं.

एप्रिलच्या अखेरीस बीच वृक्षांच्या जंगलात, डोक्यावरची पालवी दाट व्हायच्या आत, जमिनीवर ब्लूबेल फुलतात. सगळी जमीन निळी-जांभळी होते. पायवाटेवरून मला हवी ती फ्रेम मिळेना. एक वाकडा बुंधा मध्ये येत होता. मी आजूबाजूला पाहिलं. कोणी नव्हतं. वाट सोडून फुलांत शिरलो. बुटाखाली रसरशीत पानं कचकच मोडत होती. तो आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता, तरी मी वीसेक पावलं गेलो. तेवढीच पावलं परत आलो.

ब्लूबेलचं फूल खुडलं तर कंद तगतो. पण पानं चिरडली, की कंदाला अन्न मिळत नाही. तो दुबळा होतो आणि जागा सावरायला काही वर्षं जातात. हे मी नंतर वाचलं. पण अज्ञानाची ढाल मला घेता येणार नाही. कासच्या पठारावर फुलांत बसून फोटो काढणाऱ्यांवर मी तावातावाने चिडलेलो आहे. तिथे कुंपण का घालावं लागलं, हे साताऱ्याच्या माणसाला कोणी सांगायला नको. परक्या मुलखात, कोणी पाहत नसताना, मी तेच केलं.

पुढच्या वसंतात मुद्दाम तिथे गेलो. माझी वाट लगेच ओळखू आली. निळ्या फुलांमधून वाकड्या बुंध्याकडे जाणारा फूटभर रुंद, उघडा, तुडवलेला पट्टा. माझ्या चाळीस पावलांनी एवढं झालं नसणार. पण मळलेली वाट दिसली, की पुढचा माणूस बिनदिक्कत तिच्यावर पाऊल टाकतो. पहिलं पाऊल कोणाचं होतं ते मला माहीत होतं.

आदल्या वर्षीचा तो फोटो खूप जणांना आवडला होता. घराच्या भिंतीवरून मी तो उतरवला. त्या सकाळी पायवाटेवरच उभा राहून मी एकच फोटो काढला, त्या उघड्या पट्ट्याचा. आता तिथे तो आहे.