पांढरी पाच

आपल्याकडच्या विजेला सूर आहे आणि तो पांढरी पाचच्या किंचित वर लागतो. तारेतून वीज सेकंदाला ५० हेलकावे घेते. पेटीवरची पांढरी पाच सप्तकासप्तकाने उतरवत नेली तर ४९ कंपनांवर येते. हेडफोनच्या ॲम्पमध्ये जी घरघर शिरते ती हीच, किंवा तिच्याच वरच्या सप्तकातली, १०० कंपनांची. गायक काळी एकमध्ये गात असेल तर ती त्याचा तीव्र मध्यम होऊन बसते, पांढरी दोनवाल्याचा शुद्ध मध्यम. दोन्ही जरा चढेच. पांढरी दोनमधल्या मालकंसात हा आगंतुक घटकाभर खपूनही जातो. पण भूपात मध्यमाला मज्जावच, तिथे तो जीव नकोसा करतो. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची. तिथली घरघर काळी पाच आणि पांढरी सात यांच्या ऐन मधोमध पडते, म्हणजे कुठल्याच पट्टीला जवळची नाही. त्या मानाने आपण सुखी.

मला जुन्या खासगी मैफलींची ध्वनिमुद्रणं रात्री हेडफोनवर ऐकायचं व्यसन आहे. त्यांत टेपची सरसर असतेच. कुणीतरी खोकतं, तबल्यावर हातोडी पडते, मागून एखादी ‘वाहवा’ अर्धवट तुटते. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही; ते सगळं त्या खोलीतलं आहे, गाण्यासोबत आलेलं. तंबोरे जुळून झाले आहेत आणि षड्ज अजून लागायचा आहे, तेवढ्या दोन-चार क्षणांसाठी मी हा सगळा खटाटोप करतो. नेमकी त्याच जागी माझ्या भिंतीतली वीज गुणगुणायला लागते.

यावर छंदिष्ट मंडळींकडे एकच औषध असतं: ॲम्प बदल. सिडकोतल्या आमच्या जुन्या घरात म्हणूनच हेडफोनसाठी तीन ॲम्प जमले आहेत. एक वेलदोड्याच्या गोळ्यांच्या पत्र्याच्या डबीत बसवलेला, नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीवर चालणारा. चू मॉय नावाच्या अमेरिकी हौशी माणसाने आखलेलं हे सर्किट जगभर लोकांनी असंच डब्याडबड्यांत बसवलं. दुसरा ट्रान्झिस्टरचा, भिंतीच्या विजेवरचा. तिसरा व्हॉल्व्हचा. तो पेटला की काचेत नारिंगी तार दिसते आणि ऐकण्याआधीच माणूस त्याच्या बाजूने निकाल देऊन मोकळा होतो.

तुलना करायची तर आवाजाची पातळी तंतोतंत सारखी लागते. अर्धा डेसिबल जास्त वाजणारा ॲम्प ‘मोठा’ वाटत नाही, ‘चांगला’ वाटतो. कानाची ही खोड जन्मजात आहे. म्हणून मल्टीमीटर घ्यायचा, एखादा स्थिर सूर वाजवायचा आणि तिन्ही ॲम्पचे व्होल्ट जुळवायचे. साधा मल्टीमीटर ५० हर्ट्झच्या आसपासच विश्वासाने मोजतो, त्यामुळे जुळवणीलाही सूर तोच घ्यावा लागतो, ज्याच्याशी आपलं वैर आहे.

असं जुळवून ऐकलं की बऱ्याच गप्पा विरतात. माझा सेनहायझर एचडी ६०० हा १९९७ साली आलेला, ३०० ओहमचा हेडफोन. त्याच्यावर डबी आणि ट्रान्झिस्टर यांतला फरक मला सांगता येत नाही. व्हॉल्व्हचा थोडा निराळा, गोडसर. मात्र १६ ओहमचे, कानात खुपसायचे इयरफोन लावले की चित्र पालटतं. व्हॉल्व्हची सरसर स्वच्छ ऐकू येते, त्याचा आउटपुट इम्पिडन्स जास्त असल्याने खालचे सूर बिघडतात, टेबलावर बोट आपटलं तरी कानात टणकन वाजतं. डबीतल्या चिपलाही आवाज चढवला की दम लागतो. इथे ट्रान्झिस्टर जिंकतो, तेही गेनचा खटका खाली ठेवला तरच. हेडफोन कोणता ते न सांगता ॲम्पची शिफारस करणाऱ्याचं ऐकू नये.

पण घरघर? भिंतीच्या विजेवर चालणाऱ्या दोन्ही ॲम्पमध्ये ती होती. डबीत नव्हती.

मागच्या गल्लीत एक काका राहतात. पैठण रस्त्यावर चितेगावला व्हिडिओकॉनचा टीव्हीचा कारखाना जोरात होता, तेव्हा त्यांची उमेदीची वर्षं तिथे गेली. सोल्डरिंगचा धूर नाकात गेल्याशिवाय त्यांना अजूनही चैन पडत नाही. त्यांनी ॲम्पकडे बघितलंही नाही. “आवाज कोणता यायलाय ते सांग आधी. सरसर, घरघर का करकर?”

सरसर असेल तर ती ॲम्पच्या पोटातली, गेन कमी कर. करकर असेल तर पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, स्वस्तातला एलईडी दिवा किंवा फोनचा चार्जर. एकेक बंद करून बघ. बटण फिरवताना खरखर होत असेल तर व्हॉल्यूमच्या आत धूळ गेली, स्प्रे मार. घरघर असेल तर व्हॉल्यूम शून्यावर ने. तशीच राहिली तर दोष ॲम्पकडे, कमी झाली तर ती मागून येते. आमची कमी झाली. ज्यावरून गाणं लावलं होतं त्या लॅपटॉपचा चार्जर काकांनी उपटला आणि घरघर जागीच थांबली. मग चार्जर परत लावून त्यांनी माझा हात लॅपटॉपच्या धातूच्या झाकणावर अलगद फिरवायला लावला. बोटांना बारीक झिणझिण्या.

तीन पिनांच्या चार्जरमध्ये विजेचा कचरा अर्थिंगला वाहून नेणारे छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग धड नसेल तर तो कचरा जायचा कुठे? लॅपटॉपचं अंग शंभरेक व्होल्टवर तरंगत राहतं. करंट नगण्य असतो, पण तो ऑडिओच्या तारेच्या जाळीतून वाट काढतो आणि ॲम्प त्याला इमानेइतबारे मोठा करून ऐकवतो. बिचाऱ्याचं कामच ते.

काकांनी अर्थिंगचा खड्डा दाखवायला सांगितलं. तो मागच्या बोळात, फरशीच्या तुकड्याखाली. आत पाइप आणि भोवती कोळसा-मीठ, सगळं ठणठणीत कोरडं. मे महिना होता. आमच्या पायाखाली काळा बसाल्ट आहे, वेरूळचं कैलास ज्यात कोरलं तोच. दहाव्या लेण्यात उभं राहून एक सूर लावा, तो छताच्या दगडी फासळ्यांत किती वेळ घुमत राहतो. पण विजेला हा दगड सहजी वाट देत नाही. तिला ओल लागते. आणि ज्या शहरात जायकवाडीचं पाणी नळाला काही दिवसांआड येतं, तिथे खड्ड्यात पाणी ओतायचं कोणाला सुचणार? काकांना सुचलं. “आरओचं वाया जाणारं पाणी टाक. त्यात क्षार असतात, आणखी बरं.” फेज आणि अर्थिंग यांच्यामध्ये त्यांनी शंभरचा बल्ब धरला होता, तेव्हा तो विडीच्या टोकाएवढा तांबूस दिसत होता. बादल्या ओतून, ओल मुरल्यावर परत धरला तर लख्ख पेटला. (हा उद्योग जाणकारानेच करावा.) झिणझिण्या गेल्या. घरघर नव्वद टक्के गेली.

उरलेली दहा टक्के नळाला पाणी येतं त्या रात्री परत येते. गल्लीत एकामागून एक टिल्लू मोटारी सुरू होतात, व्होल्टेज बसतं, ॲम्पमधल्या रेग्युलेटरला पुरेसं मिळत नाही आणि १०० कंपनांची पांढरी पाच हळूच गाण्याखाली येते. हेडफोन काढून मीही मग मोटार लावायला उठतो. अशा रात्रींसाठी पत्र्याची डबी आहे, आणि तिन्हींत माझं मत तिलाच.

एक विनंती मात्र करायची आहे. घरघर घालवण्यासाठी चार्जरची तिसरी, जाड पिन मोडून टाकायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल. तो कधीकधी लागूही पडतो. घरघर खरंच जाते. पण ती पिन गाण्यासाठी नाही, जिवासाठी आहे. ती मोडू नका. आठवड्यातून एकदा खड्ड्यात बादलीभर पाणी टाका, आणि ॲम्प त्यानंतर बदला.