मिस्सा संपल्यावर कोंबडीचा लिलाव

टांझानियात रिक्षाला ‘बजाजी’ म्हणतात. आपल्या आकुर्डीच्या कंपनीचं नाव तिथे सामान्यनाम होऊन बसलंय. मोरोगोरो शहरातल्या ज्या बजाजीत मी बसले, तिच्या ड्रायव्हरने मोडक्या इंग्रजीत पहिला प्रश्न विचारला, “तुमचं दुकान कुठल्या रस्त्यावर आहे?”

मी म्हटलं, दुकान नाही, मला सिस्टरांच्या मिशनमध्ये जायचंय. त्याने आरशातून माझ्याकडे नीट पाहिलं. पूर्व आफ्रिकेत ‘म्हिंदी’ म्हणजे भारतीय, आणि भारतीय म्हणजे दुकानदार, गोदामवाला, नाहीतर कारखान्याचा मालक. देवळात किंवा मशिदीत जाणारा म्हिंदी त्याला माहीत होता. मिस्सेला जाणारा म्हिंदी म्हणजे दार-एस-सलामचा गोवेकर, एवढंच त्याने ऐकलेलं. मी वसईची आहे, घरी कादोडी बोलते, प्रार्थना मराठीत म्हणते, हे त्याला त्या दिवशी सांगता आलं नाही. तेवढी स्वाहिली यायला मला चार महिने लागले.

तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. बी.कॉम. झालेलं, अंधेरीच्या एका ऑफिसात दोन वर्षं अकाउंट्स केलेले. आमच्या धर्मग्रामात ज्या सिस्टरांचं घर आहे, त्यांच्या संघाची एक योजना आहे: तरुण मुलामुलींनी सहा महिने परदेशातल्या मिशनमध्ये राहायचं, पडेल ते काम करायचं, परत यायचं. सिस्टर व्हायची अट नाही. आजीला मात्र हे पटलेलं नव्हतं. मी आता परत येते ती झगा घालूनच, असं तिने गल्लीत सांगूनही टाकलं होतं. मैत्रिणींचा प्रश्न व्यवहारी होता: लोक कमवायला दुबई-कुवेतला जातात, तू स्वतःच्या पैशाने टांझानियाला का चाललीस?

याला माझ्याकडे धड उत्तर नव्हतं. वसईत परदेशी मिशनची एकच गोष्ट लहानपणापासून ऐकवतात, संत गोन्सालो गार्सियाची. वसईत जन्मला, जपानला गेला, व्यापारही केला, मनिलात फ्रान्सिस्कन ब्रदर झाला आणि १५९७ साली नागासाकीत क्रुसावर मारला गेला. धर्मशिक्षणाच्या वर्गात सगळा भर मरणावर. मला त्याचं दुसरं काम जास्त आवडायचं. तो दुभाषा होता. फिलिपिन्सहून फ्रान्सिस्कन मिशनरी जपानच्या सत्ताधीशाकडे गेले, तेव्हा याला जपानी येत होतं म्हणून सोबत नेलं. परगावी जाऊन तिथली भाषा येणं हीच ज्याची लायकी, असा संत मला परवडण्यासारखा वाटायचा.

आमचं मिशन उलुगुरू डोंगरात होतं. मोरोगोरोपासून वर चढणारा रस्ता, दोन्ही बाजूंना उतारावर काढलेल्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतात कोबी, वाटाणा, बटाटा, मध्येमध्ये केळी. पहाटे भाजीचे ट्रक खाली उतरतात आणि माल दार-एस-सलामच्या बाजारात जातो. वसईची भाजी आणि फुलं दादरला जातात तसंच. तिथल्या बायका भावाबद्दल जे बोलायच्या ते मला भाषा न येताही कळायचं, कारण दलालाला शिव्या देतानाचा चेहरा सगळीकडे सारखाच असतो.

धर्मग्राम मात्र आपल्यासारखं नाही. आमच्या घरच्या ओटीवरून तीन चर्चच्या घंटा ऐकू येतात. तिथे दोन फादर आणि चौदा ‘किगांगो’. किगांगो म्हणजे मुख्य चर्चपासून दूर, डोंगरात विखुरलेली छोटी प्रार्थनास्थळं. सगळ्यात लांबचं तीन तास चालून. फादर मोटरसायकलवर, तीही बहुतेक वेळा बजाजचीच, महिन्यातून एकदा पोचायचे. पावसात तेही नाही. मग उरलेल्या रविवारी काय? तर ‘काटेकिस्टा’, म्हणजे धर्मशिक्षक. तो स्वतःही शेतकरी. प्रार्थना तो चालवतो, शुभवर्तमान वाचून समजावतो, मयतीला उभा राहतो, लग्नाआधी मुलामुलींना शिकवतो. आमच्या किगांगोच्या काटेकिस्टाला सगळे ‘म्वालिमू’ म्हणत, म्हणजे गुरुजी. साठीच्या पुढचा माणूस, तीस वर्षं हे करत आलेला. मानधन म्हणजे सुगीनंतर लोक देतील तो मका.

आणि म्वालिमूच्याही खाली ‘जुमुइया’, दहा-पंधरा घरांचा समूह. १९७०च्या दशकात पूर्व आफ्रिकेतल्या बिशपांनी ठरवलं की चर्चचा पाया हे छोटे समूह असतील. आपल्याकडेही छोटे ख्रिस्ती समूह आहेत, पण आमच्या गल्लीत महिन्याच्या प्रार्थनेला चहा-समोसा ठेवला तरच खुर्च्या भरतात. तिथे दर शनिवारी सकाळी साडेसहाला कोणाच्या तरी अंगणात सगळे हजर. शुभवर्तमान, मग आजाऱ्यांची यादी, मग पैसे, मग भांडणं. जुमुइयाची चिठ्ठी नसेल तर बाळाचा बाप्तिस्मा अडतो. सगळं एका वहीत लिहिलेलं. मला तिथे जे काम मिळालं ते या वह्यांचंच. अंधेरीतून सुटले आणि उलुगुरूत परत जमा-खर्चाला बसले.

भाषा शिकणं मात्र मजेचं होतं. साबण ‘साबुनी’, गाडी ‘गारी’, दुकान ‘दुका’, खबर ‘हबारी’, आंबा ‘एम्बे’. चाय आणि चपाती जशीच्या तशी. ‘म्हिंदी’ म्हणजे मी आणि ‘महिंदी’ म्हणजे मका, त्यामुळे पहिले काही आठवडे मी बरेचदा स्वतःला कणीस म्हणून घेतलं. पाद्री तर त्यांचाही पाद्रीच, पोर्तुगीजांनी दोन्ही किनाऱ्यांवर ठेवून दिलेला. पण एका शब्दापाशी मी अडले. पोर्तुगीज ‘इग्रेजा’ म्हणजे चर्च. त्यावरून आपल्याकडे गिरजाघर आलं. त्याच शब्दावरून स्वाहिलीत ‘गेरेझा’ आला असं मानतात, आणि गेरेझाचा अर्थ तुरुंग. किल्ल्यात चर्च, पुढे किल्ल्यातच कैदी, आणि लोकांनी शब्द तोच ठेवला. मी हे म्वालिमूंना सांगितलं तेव्हा ते खूप हसले. म्हणाले, “दोन्ही ठिकाणी लांब प्रवचन ऐकावं लागतं.”

लुगुरू लोकांत कूळ आईकडून चालतं. जमीनही परंपरेने आईच्या कुळाची. वाटाणे सोलता सोलता एका बाईने मला विचारलं, “तुझ्या आईची जमीन तुला किती येईल?” मी सांगितलं की आमच्याकडे कायद्याने मुलीलाही वाटा असतो, पण प्रत्यक्षात बहिणी हक्कसोडपत्रावर सही करतात. माझ्या आईने केलीय, आत्यांनी केलीय. मामांच्या वाडीत आता इमारत उभी आहे. बाईंना वाटलं मी चुकीचं क्रियापद वापरलं. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. मग त्या दुसऱ्या बाईशी किलुगुरूत काहीतरी बोलल्या. मिस्सा स्वाहिलीत असते पण मनातलं किलुगुरूत, जसं आमचं कादोडीत. मला विचारावंसं वाटलं, पण नाही विचारलं.

टाकीचं प्रकरण पाचव्या महिन्यातलं. आमच्या किगांगोला वरच्या झऱ्यावरून पाइप आणून पाण्याची दगडी टाकी बांधायची होती. वसईतल्या एका मदत-गटाने पैसे द्यायची तयारी दाखवली आणि मला व्हॉट्सॲपवर सूचना पाठवल्या. दोन मिनिटांचा व्हिडिओ हवा. लहान मूल, अनवाणी, रिकामी बादली. शक्य झाल्यास डोळ्यांत पाणी. हे शब्द मी रंगवून सांगत नाहीये.

परवानगी मागायला मी म्वालिमूंकडे गेले. त्यांनी मेसेज दोनदा वाचून घेतला. मग म्हणाले, “या मुलाच्या आईकडेही फोन आहे. तिला हा व्हिडिओ येईल.” थोड्या वेळाने म्हणाले, “पाणी-समितीची वही आहे. ती दाखव.”

मी वही दाखवली. कोणी किती दिवस खड्डे खणले, कोणी वाळू वाहिली, कोणी दगड फोडले, जमा किती, सिमेंटच्या गोण्या किती हव्यात: साठ. पाइपच्या वाटेने वर चढणाऱ्या बायका, त्यांच्या कांग्यावर छापलेल्या म्हणी, आणि एकजण कॅमेऱ्यात बघून सांगतेय की उतार इथे जास्त आहे म्हणून पाइप फुटतो. गटाचं उत्तर आलं, “हिशेब छान आहे, पण भिडत नाही.” पैसे आले नाहीत.

त्या रात्री मी माझाही हिशेब केला. माझं विमानाचं तिकीट ५५,००० रुपयांचं होतं. डोंगरात पोच सिमेंटची गोणी २०,००० शिलिंग, म्हणजे सव्वासहाशे रुपयांच्या आसपास. म्हणजे माझ्या येण्याजाण्यात ८५हून जास्त गोण्या. ‘मिशन अनुभव’ घ्यायला निघणाऱ्या प्रत्येकाने हा भागाकार एकदा करावा असं मला वाटतं. म्हणून जाऊ नये, असं नाही. मी पुन्हाही जाईन. पण मग तिकडे जाऊन आपण काहीतरी देतोय, ही भाषा तेवढी सोडून द्यावी.

सुगीच्या मिस्सेला, अर्पणाच्या वेळी, लोक नाचत वेदीपाशी येतात: मका, केळीचे घड, अंडी, पाय बांधलेल्या कोंबड्या. मिस्सा संपली की बाहेर झाडाखाली लिलाव. त्यातली गंमत अशी की विकत घेणारा कोंबडी घरी नेत नाही. तो ती परत चर्चला देतो आणि पुन्हा बोली सुरू होते. एक लाल कोंबडी मी डोळ्यांनी चार वेळा विकली गेलेली पाहिली. चौथ्यांदा फादरांनीच घेतली, कारण तिला पाणी पाजायला हवं होतं. त्या दिवशीच्या पैशांत सिमेंटच्या अकरा गोण्या आल्या. मी निघाले तेव्हा टाकी कमरेएवढी झाली होती.

परत येऊन वर्ष झालं. झगा न घालता आले, याचा आजीने फार बोभाटा केला नाही. मार्चमध्ये ती पडली आणि खुब्याचं ऑपरेशन झालं. मी म्वालिमूंना कळवलं, बाकी काही नाही. शनिवारी वहीच्या पानाचा फोटो आला. आजाऱ्यांच्या यादीत सातवं नाव आजीचं, गाव ‘वसाई’, आणि पुढे रक्कम: २०,००० शिलिंग. भारतात पाठवायची सोय नाही म्हणून सिस्टरांकडे ठेवलेत.

मी आजीला फोटो मोठा करून दाखवला. तिने स्वतःचं नाव वाचलं, रक्कम विचारली. म्हणाली, त्यांना लिही, टाकीत घाला.

मी लिहिलं. म्वालिमूंचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं: पैसे आजाऱ्यांच्या खात्यात जमा आहेत, ते टाकीकडे वळवता येत नाहीत. आजीने स्वतः यावं किंवा कोणाला तरी पाठवावं, वहीत सही करून न्यावेत.

“बरोबर आहे त्यांचं,” आजी म्हणाली, आणि तिकीट कितीला पडतं ते विचारलं.