पावसाळ्यांतील बोरघाट आणि सारथ्याचें शिक्षण

सह्याद्रीचें खरें दर्शन ज्यास घ्यावयाचें असेल त्यानें तें आषाढ-श्रावणांतच घ्यावें, असें आमचें पूर्वींपासूनचें मत आहे. वैशाखांत जो डोंगर करपून काळाठिक्कर पडलेला असतो, तोच मृगाचे चार दिवस लोटल्यावर ओळखूं येत नाहीं. पुण्याहून मुंबईस जाणाऱ्यांस हें दर्शन बोरघाटांत अनायासें घडतें. लोणावळें मागें टाकून खंडाळ्याच्या कड्याशीं आलें, कीं एका बाजूस नागफणीचा सुळका ढगांत डोकें खुपसून उभा असतो. दुसऱ्या बाजूस राजमाचीचे जोडकिल्ले क्षणभर दिसतात व पुन्हां धुक्यांत बुडतात. या परिसरांत वर्षाकांठीं चार हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. पुण्यांत पडतो त्याच्या पांच-सहापट तो भरतो, एवढें सांगितलें म्हणजे कड्याकड्यावरून धबधबे कां कोसळत असतात हें निराळें सांगावयास नको.

या घाटाचा इतिहासही रम्य आहे. सर जॉन माल्कम हे मुंबईचे गव्हर्नर असतां, १८३० सालीं, येथून गाडीरस्ता सुरू झाला. १८६३ सालीं आगगाडी घाट चढूं लागली, आणि २००२ सालीं द्रुतगतिमार्ग पूर्ण झाला. जुन्या रस्त्यावर शिंगरोबाचें एक लहानसें देऊळ आहे. इंग्रजांस घाटांतून वाट दाखविणारा तो धनगर, अशी आख्यायिका आहे; येणारेजाणारे मोटारवाले तेथें नाणें टाकून पुढें जातात. ज्यास घाट ठाऊक होता त्याचा हा मान आहे, असें आम्ही समजतों.

परंतु अलीकडे या वनश्रीकडे आम्हांस निश्चिंतपणें पाहतां येत नाहीं. आमचें अर्धें लक्ष दरीकडे, तर अर्धें मागून येणाऱ्या मोटारींकडे असतें. धुकें इतकें दाट कीं वीस पावलांवरचें झाड दिसूं नये; तरीही एकीच्या शेपटास दुसरी लागून मोटारी धांवत असतात. कांहीं जण चारही इशाऱ्याचे दिवे एकदम लुकलुकत ठेवून गाडी हांकतात. ते दिवे वस्तुतः थांबलेल्या गाडीसाठीं आहेत. चालत्या गाडीनें ते लाविले म्हणजे ती डावीकडे वळणार कीं उजवीकडे, हें मागच्यास कळावयाचा मार्गच खुंटतो. कांहीं जण धुक्यांत प्रखर झोत सोडतात; तो झोत जलकणांवर आपटून हांकणाऱ्याच्याच डोळ्यांत परत येतो. आणि कांहीं रसिक तर धबधबा दिसतांच ऐन वळणावर गाडी उभी करून छायाचित्रें घेऊं लागतात.

हा सारा तरुणांचा उद्धटपणा, असें म्हणून पुष्कळ लोक मोकळे होतात. आम्हांस तें पटत नाहीं. जन्मभर मुलें शिकविल्यावर आम्हांस एवढें कळलें आहे कीं, मुलगा चुकतो तो बहुधा त्यास कोणीं नीट शिकविलें नसतें म्हणून. आमच्या एका भाच्याचेंच उदाहरण घ्या. मुलगा हुशार आणि सालस. चैत्र-वैशाखांत त्यानें पुण्याच्या सपाट रस्त्यांवर शिकवणी घेतली, परीक्षा दिली व परवाना मिळविला. पुढें आषाढांत आम्हांस घेऊन तो घाट उतरला. गाडी वरच्या गिअरांत ठेवून साऱ्या उतरणभर त्यानें ब्रेकवरचा पाय काढिला नाहीं. खोपोलीस चहासाठीं थांबलों तों चाकांपाशीं जळका वास सुटलेला. शेजारीं एक वृद्ध ट्रकवाले चहा पीत बसले होते. ते म्हणाले, "दादा, ब्रेक जाळलेत कीं हो! ज्या गिअरांत घाट चढायचा त्याच गिअरांत उतरायचा, एवढं आमच्या उस्तादानं पहिल्या दिवशीं शिकवलं." भाचा आमच्याकडे वळून म्हणाला, "मामा, हें मला शिकवणींत कोणीं सांगितलंच नाहीं."

त्या उस्तादाच्या वाक्यांत पदार्थविज्ञानाचा एक धडाच आहे. खालच्या गिअरांत इंजिनच गाडीस मागें ओढून धरतें व ब्रेकांस विसांवा मिळतो. सतत दाबलेले ब्रेक तापतात, आणि तापलेल्या ब्रेकांची पकड सुटत जाते. त्यांत रस्ता ओला असला म्हणजे संकट दुणावतें. ताशीं ६० किलोमीटर वेगाची मोटार एका सेकंदांत जवळजवळ १७ मीटर पुढें जाते. म्हणजे समोरचें संकट पाहून पाय ब्रेकवर पडेपर्यंतच एवढें अंतर सरतें. त्यानंतर चांगल्या कोरड्या रस्त्यावर ती सुमारें २० मीटरांत थांबेल. ओल्या रस्त्यावर तिला ३० ते ३५ मीटर लागतील, व उतारावर त्याहून अधिक. वेग दुप्पट केला तर हें थांबण्याचें अंतर दुप्पट नव्हे, चौपट होतें. पहिल्या पावसांत तर रस्त्यावरचें तेल व धूळ एकत्र कालवून निसरडा लेप तयार होतो. पुढें पाणी सांचलें आणि टायरांच्या खाचा झिजलेल्या असल्या, म्हणजे पाणी बाहेर फेंकलें जात नाहीं. चाक पाण्याच्या थरावर तरंगूं लागतें. अशा वेळीं सुकाणूचें चक्र कितीही फिरविलें तरी गाडी ऐकत नाहीं.

आतां त्याच डोंगरावर, त्याच पावसांत, आगगाडी कशी चालते तें पाहा. तिच्या वाटेचा चढ ३७ फुटांस १ फूट इतका कठीण. १९२९ पर्यंत तर घाटांत गाडी थांबवून तिचें तोंड फिरवावें लागे, व त्यासाठीं तेथें स्वतंत्र रिव्हर्सिंग स्टेशन होतें. घाट उतरण्यापूर्वीं ब्रेकांची परीक्षा होते. ताबा सुटलेली गाडी अडावी म्हणून चढावर वळविलेले 'कॅच सायडिंग' नांवाचे फांटे ठेविले आहेत. आणि मुख्य गोष्ट ही कीं, नव्या चालकास जाणत्याबरोबर फेऱ्या करून ती वाट आधीं शिकावी लागते. त्यावांचून तेथें गाडी त्याच्या हातीं देत नाहींत. कोंकण रेल्वेवर तर पावसाळ्याचें वेळापत्रकच निराळें असतें व गाड्यांचा वेग कमी केला जातो. रेल्वेनें पाऊस हा परीक्षेचा ऋतु मानिला आहे. हांकेच्या अंतरावरील मोटाररस्त्यावर मात्र काल परवाना मिळालेला मुलगा आज चार माणसें घेऊन घाटांत उतरूं शकतो.

नियम नाहींत असें मात्र कोणीं समजूं नये. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत, उतारावर चटकन् खालचा गिअर घेतां येणें आणि तीव्र चढावर थांबलेली गाडी मागें न घसरूं देतां पुन्हां चालविणें, हे दोन्ही परीक्षेचे विषय म्हणून नमूद आहेत. शिकवणीसाठीं मोटारीचे निदान २१ दिवस व प्रत्यक्ष हांकण्याचे १० तास सांगितले आहेत. परंतु सपाट मैदानावर या विषयांची परीक्षा कशी व्हावी? आणि ते २१ दिवस वैशाखांतले असले तर विद्यार्थ्यानें पावसाचा एक थेंबही पाहिलेला नसतो! २०२१ पासून मान्यताप्राप्त शिक्षणकेंद्रांचे नियम झाले असून त्यांत २९ तासांचा क्रम आहे. हें पाऊल निश्चित स्तुत्य आहे. तथापि गल्लोगल्लीच्या शिकवणीपर्यंत तें पोंचलें पाहिजे.

आमच्या पूर्वजांनीं सारथ्य ही विद्या मानिली होती. नळराजाची अश्वविद्या प्रसिद्धच आहे. कालिदासाच्या शाकुंतलांत पहिल्याच अंकीं राजा हरिणाच्या पाठीं लागला असतां सूत त्यास सांगतो कीं, भूमि उंचसखल असल्यामुळें आपण लगाम खेंचून रथाचा वेग कमी केला होता. धनी राजा, त्यास मृगयेची घाई, तरी सारथि भूमि पाहून हात आंवरतो. आणि राजाही त्यास दूषण देत नाहीं. आपल्या घरांत मात्र गाडी सावकाश हांकणाऱ्या मुलाची थट्टा करणारे आपणच असतों.

म्हणून आमच्या तीन सूचना आहेत. शिकवणीचा निदान एक पाठ ओल्या रस्त्यावर व्हावा. उन्हाळा असेल तर मैदानावर टॅंकरनें पाणी टाकून तो देतां येईल. पुणें, सातारा, कोल्हापूर व कोंकणच्या जिल्ह्यांत तरी घाट चढणें-उतरणें हा शिकवणीचा भाग असावा. आणि डोंगरी अरुंद वाटेवर चढणाऱ्या गाडीस उतरणाऱ्यानें वाट द्यावी, हा नियम तेथेंच अंगवळणीं पाडावा. तिसरी सूचना घरोघरच्या वडिलधाऱ्यांस आहे. मुलाचा परवाना आला तरी पहिला पावसाळा त्याच्या शेजारीं जाणतें माणूस बसावें. तोंपर्यंत लेकुरवाळें कुटुंब घाटांत त्याच्या हवालीं करूं नये. मृगापूर्वीं आपण घरावरचीं कौलें परततों, छत्र्या दुरुस्त करितों. त्याच दिवशीं टायर, ब्रेक व कांच पुसणारे वायपर तपासून घ्यावे. आमचा भाचा आतां घाटाच्या माथ्यावरच खालचा गिअर घेतो. त्यास हें शिकावयास खोपोलीच्या चहाच्या टपरीवरील पांच मिनिटें पुरलीं. तीं पांच मिनिटें शिकवणींतच मिळालीं असतीं तर बरें झालें असतें.